शेवटून पहिलं शहर

१

सकाळी तक्ता लागला तेव्हा ऑफिसात टाळ्या पडल्या, आणि त्याच तक्त्यापायी संध्याकाळी ताईला घरी पाठवलं गेलं.

तक्ता सात महानगरांचा. दर तिमाहीला कुठल्या शहरात शेकडा किती माणसं बेकार आहेत ते त्यात एकाखाली एक मांडलेलं असायचं. जास्त बेकारीचं शहर वर, कमी बेकारीचं खाली. हे शहर कित्येक वर्षं वरून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर ठाण मांडून बसलेलं होतं. शेकडा नऊ. या खेपेला ते सगळ्यांना ओलांडून पार तळाला गेलं. शेकडा चार.

"शेवटून पहिले आलो!" साहेब म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना चहा मागवला.

चहा पिताना एक गोष्ट प्रत्येकाच्या मनात होती. याच तिमाहीत शहरातला रेल्वेचे डबे बांधणारा मोठा कारखाना बंद पडला होता. सायरन वाजायचा थांबला होता, फाटकाला साखळी लागली होती. मग बेकारी निम्म्यावर आली कशी? पण साहेबांचा चहा गरम असताना कडू कोण बोलणार? कुणी बोललं नाही.

बोललं ते मुख्य कार्यालय, फोनवरून. "कारखाना बंद पडल्यावर लोक कामाला लागतात, असं जगात कुठे ऐकलंय? हा आकडा मोजलेला नाही, बनवलेला आहे. माणूस पाठवतोय."

साहेबांना लगेच कुणीतरी पुढे करायला हवं होतं. घरोघर जाऊन माहिती गोळा करणाऱ्या गणकांच्या वरची पर्यवेक्षक म्हणजे ताई. फॉर्म तिच्या हाताखालून आले, तेव्हा ते घरबसल्या भरले गेले असणार, असा तर्क लढवून तिला निलंबनाचं पत्र दिलं. चौकशीत आरोप खरा ठरला तर नोकरी जाणार होती. घरात सासू, शिकणारी मुलगी आणि मिळवणारी एकटी ताई.

सासूबाईंनी पत्र ऐकलं आणि म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांची बेकारी मोजलीस. आता घरातली मोज."

मग त्याच उठल्या, ताट वाढलं, आणि ताई जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

२

मुख्य कार्यालयाने पाठवलेला तपासनीस गोल चेहऱ्याचा, सावकाश चालणारा गृहस्थ होता. तोंडाने सतत काहीतरी गुणगुणत असायचा. सातही शहरांच्या ऑफिसांत त्याला 'मामा' म्हणत. कारण विचारलं तर तो म्हणायचा, "आईचा भाऊ रागवत नाही, पण सगळं आईला सांगतो."

मामांनी आधी साहेबांना गाठलं.

"या आकड्याने तुमचं भलं होणार होतं?"

"बढती," साहेबांनी सरळ सांगून टाकलं. "पण मामा, खोटा आकडा टिकत नाही हे मला कळतं. बढती मिळून परत जाण्यापेक्षा न मिळालेली बरी."

"हे खरं बोललात की पाठ केलं होतंत?"

"दोन्ही," साहेब म्हणाले, आणि मामा हसले.

मग पाळी आली गणित्याची. सगळे फॉर्म त्याच्या संगणकात जात आणि तिथून आकडे बाहेर पडत. माणूस बारीक, जीभ त्याहून धारदार.

"मी आकडे पाडत नाही, मामा. ते पडतात. मी फक्त उचलतो." त्याने कागदी फॉर्म आणि संगणकातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. मामांनी हाताला येतील तिथून फॉर्म उपसून ताडून पाहिले. एकही फरक नाही.

"फॉर्ममध्ये प्रश्न किती?"

"तिमाहीच्या छोट्या पाहणीत दोनच. एक, गेल्या आठवड्यात निदान एक तास मोबदल्याचं काम केलंत का? मोबदला म्हणजे पैसे किंवा वस्तू. दोन, नसेल केलं तर काम शोधलंत का? पहिल्याला हो म्हटलं की माणूस कामाला लागलेला. मग बाकीचा आठवडा तो छताकडे बघत का बसेना."

"एका तासात?"

"सातही शहरांना नियम एकच आहे, मामा. नियम कडू असेल, पण वाटी सगळ्यांची सारखी."

"आणि हा आकडा खाली गेल्याने कुणाचं वाईट होतं?"

गणित्याने चष्मा काढून पुसला. "रोजगार केंद्रांचं. बेकारांना नवं काम शिकवतात आणि दुपारचं गरम जेवण देतात ना, ती. आपल्या शहरात प्रत्येक विभागात एक आहे. सातही शहरांच्या सरासरीपेक्षा ज्या शहरात बेकारी जास्त, त्याच शहरातल्या केंद्रांना अनुदान मिळतं. आपण तळाला गेलो, म्हणजे या महिनाअखेर चुली विझल्या."

शेवटी मामा ताईच्या घरी गेले. सासूबाईंनी दार उघडलं आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का ते? आमच्या सुनेला चोर ठरवायला आलेले?"

"ठरवायला नाही, आजी. शोधायला."

"मग बसा. चोर या घरात नाही, पण खुर्ची आहे."

ताई कपडे वाळत घालत होती. हात न थांबवता बोलली, "मामा, माझ्या बायका घरोघर गेल्या. मी स्वतः मागून जाऊन दहातली दोन दारं तपासली. लोकांनी सांगितलं तेच लिहिलं. मला स्वतःलाच तो आकडा पटत नाहीये. पण एकही फॉर्म खोटा नाही."

"दोन्ही कसं खरं असेल, ताई?"

"तेच तर मी चार दिवस वाळत घालतेय."

मामा उठले. "उद्या मी दारं वाजवतो. एक जरी माणूस म्हणाला की आमच्याकडे कुणी आलंच नव्हतं, तर मी तुला वाचवू शकणार नाही."

३

कारखान्याच्या मागच्या वस्तीत मामांनी जिने चढायला सुरुवात केली. पहिलं दार टर्नरचं. लेथवर वीसेक वर्षं काढलेला, खांदे रुंद, बोलणं तुटक.

"आमच्या ऑफिसची बाई आली होती?"

"आली होती. निळी पिशवी होती तिच्याकडे. पाणी प्यायली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काम केलं म्हणून सांगितलं. केलं होतं, म्हणून सांगितलं."

"कारखाना तर बंद आहे."

"कारखाना बंद आहे. माझे हात बंद नाहीत."

"मग काम कुठे करता?"

टर्नरने बायकोकडे पाहिलं, बायकोने खिडकीकडे. "तुमच्या कागदात जागा विचारलीय का? नाही ना? मग झालं."

त्याने निरोपादाखल हात पुढे केला तेव्हा मामांनी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. लेथवरच्या माणसाच्या नखांत एक काळी रेघ असते. ती साबणाने जात नाही, सुट्टीत जात नाही, लग्नात जात नाही. टर्नरची नखं पांढरी स्वच्छ होती. बोटांची टोकं सुरकुतली होती, तासभर पाण्यात बुडवून काढल्यासारखी.

वरच्या मजल्यावर क्रेन चालवणारा. त्याचंही तेच. बाई आली होती, काम केलं म्हणून सांगितलं, कुठे ते सांगणार नाही. त्याच्या अंगाला कांद्याचा वास येत होता आणि घरातली चूल मात्र थंड होती.

त्याच्या शेजारी कारखान्यात गाद्या शिवणारी काकू. ती तरी मोकळी बोलेल असं मामांना वाटलं.

"कामावर जाते की! घरात बसून भिंतीचे पोपडे मोजू?"

"कुणाकडे जाता, काकू?"

"अहो, बाईमाणसाला असं विचारतात का?" काकू खळखळून हसली. दार मात्र हळूच लोटून घेतलं.

दिवसभरात मामांनी पुष्कळ दारं वाजवली. प्रत्येक दाराआड माणूस खरा होता, गणक येऊन गेली होती, उत्तर लिहिल्याप्रमाणेच होतं. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो. ही माणसं गरजेपेक्षा कमी सांगत होती.

जिना उतरता उतरता मामांचं गुणगुणणं थांबलं. ताईने फॉर्म बनवले नव्हते. गणित्याने आकडा फिरवला नव्हता. लोक खोटं बोलत नव्हते. आणि तरीही एवढ्या मोठ्या शहरात एवढी बेकार माणसं कुणीतरी एका रात्रीत कामाला लावली होती, आणि ते काम कुणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हतं.

४

तपास अडला की मामा जेवायला जात. पोटासारखा पोलीस नाही, असं त्यांचं मत होतं. त्यात ज्यांचं या आकड्याने सर्वांत मोठं नुकसान होणार होतं त्यांना अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. नुकसान सोसणाऱ्यावर संशय कोण घेईल? म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारी मामा वस्तीतल्या रोजगार केंद्रात गेले.

शहरातली सगळी केंद्रं फोरमन चालवत असे. कारखान्यातला जुना फोरमन, नावापेक्षा हुद्द्याने ओळखला जाणारा. स्वयंपाकघर त्याच्या मोठ्या बहिणीकडे होतं. तिला सगळे अक्का म्हणत, फोरमनसुद्धा.

मामा दारातच थबकले. आठवड्यापूर्वी ते तक्त्यात वर असलेल्या एका शहरातल्या अशाच केंद्रात गेले होते. तिथे अंगणात कागद उडत होते, नळ गळत होता, पगारी सफाईवाला कोपऱ्यात बसून विडी ओढत होता. इथे फरशीत तोंड दिसत होतं. खिडक्यांना नवा रंग. तुटक्या खुर्च्यांचे पाय नीट बसवलेले.

"तुमचा सफाईवाला छान आहे," मामा म्हणाले.

"सफाईवाला ठेवलेलाच नाही," फोरमन म्हणाला. "त्याच्या पगाराचे पैसे परत पाठवतो."

"मग हे कोण करतं?"

तेवढ्यात आतून भांड्यांचा खणखणाट झाला आणि अक्काचा आवाज आला, "अरे टर्नर, तो तळ घास, कडेला काय कुरवाळत बसलायस! पातेलं आहे ते, सासुरवाडी नव्हे!"

मामांनी आत डोकावलं. हौदापाशी, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, टर्नर भांडी घासत होता. पलीकडे क्रेनवाला कांदे चिरत होता, डोळे गळत होते. काकू पडदे शिवत बसली होती. तिने मामांना पाहिलं आणि सुई तोंडात धरली.

एवढ्या लोकांना एका रात्रीत कामाला लावणारा माणूस शेजारीच, हाताची घडी घालून उभा होता.

"केव्हापासून?" मामांनी विचारलं.

"कारखाना बंद झाला तेव्हापासून," फोरमन म्हणाला. "माझ्या हाताखालची माणसं पहिल्या दिवशी या फाटकापर्यंत आली आणि परत फिरली. उपाशी परत फिरली, मामा. फुकटाचं ताट उचलवेना. तेव्हा मी नियम केला. रोज एक तास काम, मग ताट. दुसऱ्या दिवशी सगळे आले. शहरातल्या सगळ्या केंद्रांत हाच नियम लावला. चुकलं का माझं काही?"

एक तास, असं मामा मनाशी म्हणत होते.

५

साहेबांच्या खोलीत सगळे जमले. साहेब, गणित्या, फोरमन, आणि मुद्दाम बोलावून आणलेली ताई.

"एक गोष्ट सांगतो," मामांनी सुरुवात केली. "एका गावात विहिरीचं पाणी रातोरात कमी व्हायला लागलं. चोर धरायला सारा गाव विहिरीभोवती पहाऱ्याला बसला. रात्र मोठी, उकाडा फार. ज्याला तहान लागेल तो उठून पाणी पिऊन येई आणि पुन्हा जागेवर बसे. सकाळी बघतात तर पाणी आणखी खाली. चोर कुणीच पाहिला नाही. कसा पाहणार? प्रत्येकाने आपला एक तांब्या प्यायला होता, तोही उघडपणे."

"म्हणजे चोर नाहीच?" साहेबांनी विचारलं.

"नाही. टर्नर बेकार आहे. पण तो रोज तासभर भांडी घासतो आणि त्याला जेवण मिळतं. आपला फॉर्म विचारतो, तासभर मोबदल्याचं काम केलंत का? मोबदला पैशातला किंवा वस्तूतला. तो मान ताठ करून हो म्हणतो. कुठे ते सांगत नाही, कारण चार लोकांना वाटावं की हा अजून कामावर जातो. गणक नियमाप्रमाणे खूण करते. असं घरोघर. बाकीच्या सहा शहरांत अशीच केंद्रं आहेत, असंच जेवण आहे, पण तिथे हा तास नाही. म्हणून तिथले बेकार तक्त्यात बेकार राहिले आणि आपले नाहीसे झाले."

गणित्याने टेबलावर बोटं वाजवली. "खरं आहे. तास सुरू झाला त्या तिमाहीतच आकडा पडला."

फोरमनचा चेहरा उतरला. "म्हणजे केंद्रांच्या चुली मीच विझवल्या?"

साहेब मात्र खुर्चीत सरसावून बसले. "अहो, पण मग आकडा खराच की! जेवण हा मोबदला. ताईने काहीच चुकीचं केलं नाही. तिला परत घेतो, तक्ता कायम. केंद्रं बंद पडतील, त्याला आपला इलाज नाही."

"थांबा," मामा म्हणाले. "जेवण मोबदला आहे की नाही, हे अजून ठरायचंय. तास भरला म्हणून ताट मिळत असेल तर ती मजुरी. आकडा खरा, ताई बरोबर, केंद्रं बंद. पण तास भरला काय आणि नाही भरला काय, ताट मिळणारच असेल, तर ती मजुरी नव्हे. मग ती माणसं बेकारच. आकडा चुकला, केंद्रं वाचतील, आणि..."

"आणि चूक माझी," ताई म्हणाली. "मोबदला कसला आणि कशाबद्दल मिळतो, हा प्रश्न फॉर्मवर नसला तरी विचारायचा असतो. पर्यवेक्षकाने तो विचारून घ्यायचा असतो. मी दारं तपासली, पण तो विचारला नाही."

"बनवाबनवीचा आरोप दोन्ही परींनी पुसला जातो," मामा म्हणाले. "पण चुकीचीही शिक्षा असते."

साहेबांनी फोरमनकडे पाहिलं. "तुमचा नियम काय?"

फोरमन ताडकन म्हणाला, "तास नाही तर ताट नाही. धडधाकट माणसाला तर नाहीच. मी नियम केलाय आणि तो पाळला जातो." मग त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच केंद्रावर कुलूप घालतोय. ओठ घट्ट मिटले, पण शब्द मागे घेतला नाही. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

"नियम तुम्ही केलात," मामा म्हणाले. "पण ताट वाढतं कोण?"

६

दुसऱ्या दिवशी मामा ताईला घेऊन केंद्रात गेले. "आत तू जा," ते म्हणाले. "बाईशी बाई बोलते. मला लोक उत्तरं देतात, माझ्याशी बोलत नाहीत." आणि ते बाहेर बाकावर बसून राहिले.

अक्का भाताचं पातेलं उतरवत होती. ताईने न सांगता दुसरी कड धरली.

"तूच ना ती मोजणारी?" अक्काने विचारलं.

"मीच. अक्का, एक विचारू? धडधाकट माणूस आला, तासाला हात लावला नाही, आणि ताट मागितलं, तर काय होतं?"

"फोरमनने सांगितलं नाही?"

"त्यांनी नियम सांगितला."

अक्काने झाकण ठेवलं आणि पदराने मान पुसली. "पोरी, तुला बघून वाटतं तू घरात चूल सांभाळतेस. ये इकडे." तिने ताईला मागच्या दाराशी नेलं. दाराबाहेर पायरीवर सातआठ माणसं बसली होती, भिंतीकडे तोंड करून. तरणीताठी होती. प्रत्येकाच्या पुढ्यात वाफाळतं ताट होतं.

"हे सगळे जेवणाच्या घंटेच्या आधी येतात," अक्का हळू म्हणाली. "त्या निळ्या सदऱ्यातल्याचं घर फुटलंय, त्याला कामच सुचत नाही. तो दुसरा, लाजतो. जुने साथीदार बघतील म्हणून पुढच्या दाराने येत नाही. तो कडेचा नुसता आळशी आहे, खोटं कशाला बोलू! इकडच्या भागातल्या बाकीच्या स्वयंपाकघरांतही असंच चालतं, आम्ही बाया एकमेकींना विचारतो ना. रोज कुणी ना कुणी मागच्या दाराने जेवतंच."

"फोरमनना माहीत नाही?"

"माझा भाऊ आहे तो. त्याला नियम सांभाळू दे, मी माणसं सांभाळते. मी तास बघून वाढत नाही ग, भूक बघून वाढते." तिने ताईच्या हातावर हात ठेवला. "पण हे तुझ्यामाझ्यात राहू दे. पुढच्या दाराने येणाऱ्यांना कळलं तर त्यांना वाटेल, आपण उगाच घासत बसलो."

ताई बराच वेळ त्या पायरीकडे बघत उभी राहिली. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोरमनला माहीत नव्हतं, मामांना दिसलं नव्हतं. ती बाहेर जाऊन नुसतं "नियम आहे आणि तो पाळतात" एवढंच म्हणाली असती, तर सोमवारी आपल्या टेबलाशी जाऊन बसली असती. मुलीची फी भरली गेली असती. आणि मागच्या पायरीवर महिनाअखेर कुणीच बसलं नसतं.

ती बाहेर आली. मामांनी बाकावर जागा करून दिली.

"काय म्हणाली अक्का?"

ताई बसली नाही. "कुणाला सांगू नकोस म्हणाली."

"मग?"

"मग तिची माफी मागून मी तुमच्याकडे आलेय. परत आत गेले आणि सांगितलं तिला, की अक्का, मला हे सांगावं लागेल. आधी लाटणं उगारलं. मग म्हणाली, सांग." ताईने डोळे मिटून घेतले. "तास न भरताही ताट मिळतं, मामा. रोज मिळतं. आकडा चुकलाय. मी चुकले."

७

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आठवडाभर शहरातल्या प्रत्येक केंद्राच्या मागच्या दाराशी जाऊन खात्री करून घेतली. मग निकाल लिहिला, तो अर्ध्या पानाचा. जेवण तासावर अवलंबून नाही, म्हणून तो मोबदला नाही, म्हणून ही माणसं बेकारच. गणित्याने पुन्हा बेरीज केली. शहर तळातून उठून वरून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसलं. शेकडा साडेनऊ.

"वर आलो एकदाचे," साहेब म्हणाले. चहा मागवला नाही.

केंद्रांचं अनुदान चालू राहिलं. ताईवरचा बनवाबनवीचा आरोप पुसला गेला, चूक मात्र कायम राहिली. पर्यवेक्षकपद गेलं. पुन्हा साधी गणक, पगार कमी, निळी पिशवी आणि जिने. मामांनी रदबदली करून पाहिली, पण साहेब म्हणाले नियम म्हणजे नियम, आणि ताईसुद्धा म्हणाली, "राहू द्या मामा. नोकरी राहिली ना."

फोरमनने आठवडाभर अक्काशी अबोला धरला. मग एके दिवशी मागच्या पायरीवर बाक ठोकून दिलं, भिंतीकडे तोंड करून बसायला लागू नये असं, आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तास चालूच राहिला. मागच्या दाराची गोष्ट सगळीकडे पसरली, तरी पुढच्या दाराने येणाऱ्यांतला एकही कमी झाला नाही. अक्काची भीती खोटी ठरली.

पुढच्या तिमाहीत फॉर्मवर तिसरा प्रश्न आला. ताई पिशवी घेऊन वस्तीत गेली आणि तिने टर्नरचं दार वाजवलं.

"गेल्या आठवड्यात तासभर काम केलंत?"

"केलं. रोज."

"त्याबद्दल जेवण मिळालं?"

"मिळालं."

ताईने फॉर्म खाली धरला. हा प्रश्न तिला वाचून दाखवायचा नव्हता. "तुम्ही काम केलं नसतं, तरी मिळालं असतं?"

आत बायकोने नळ बंद केला.

"मिळालं असतं," तो म्हणाला. "अक्का नाही म्हणाली नसती."

ताईने खूण केली. त्याने मान वाकडी करून ती कुठल्या रकान्यात पडली ते पाहिलं.

"म्हणजे बेकार."

"हो."

"मग बाई, मी तिथे रोज काय करतो?" आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. "मजुरी नाही म्हणता, तर काय आहे ते?"

ताईने पेनाला टोपण लावलं. "जेवण तुम्हाला मिळतं. आणि भांडी तुम्ही घासून देता. आम्ही या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, ती आमची चूक. एक तुम्ही घेता. दुसरी तुम्ही देता. कुणी मागितलेली नाही, तरी देता."

टर्नर आपल्या पांढऱ्या नखांकडे बघत राहिला.

"देतो, हे तुमच्या कागदात कुठे लिहितात?"

"त्याला रकाना नाही."

"नसू दे," तो म्हणाला. त्याने दार पुरतं उघडलं. "जिने चढून आलात. आत या. बसा थोडं."

ताईला अजून तीन दारं वाजवायची होती. ती आत गेली आणि बसली.